हिरीतली मास्तरीण

“खुशाल भ्या. पर हात हलीव.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका शेतातल्या विहिरीच्या काठावर. खाली पाण्यात बुडालेल्या पायरीवर, लुगड्याचा काचा घट्ट मारून एक बाई उभी होती. तिच्या हातात दोर होता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, पाठीवर दोन सुके भोपळे बांधलेली सहा-सात वर्षांची पोरगी. पोरगी रडत होती, नाकातोंडात पाणी घेत होती आणि “आक्का, मला भ्या वाटतंय” म्हणून ओरडत होती. बाईचा आवाज मात्र ताक घुसळायला बसावं तसा संथ.

“वाटू दे की. भ्यायला कोन नगं म्हनतंय? पर हात हलीव.”

पोरगी भ्याली, पण तिनं हात हलवले, आणि ती तरंगली. रडणं अर्ध्यात थांबलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी काठावर एकटाच हसलो. पोरगी होती आक्काची पुतणी. आणि आक्का म्हणजे, मी बेळगुंदीत ज्यांच्याबद्दल पहिल्या आठवड्यातच ऐकलं होतं त्या बाई. गावात आक्का पुष्कळ होत्या. पण नुसतं ‘आक्का’ म्हटलं की याच.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन माघात बेळगुंदीच्या मराठी शाळेत लागलो होतो. जन्म बेळगावशेजारच्या शहापुरातला. आमच्या परसात आड होता. आडात बादली बुडते आणि वर येते, एवढाच माझा पाण्याशी संबंध. गावात एका कौलारू घराच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, मी राहत असे आणि स्वतःच्या हातानं भात करपवत असे.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आक्का शाळेत आल्या. दारातच उभ्या राहिल्या. पोरांनी पाढे थांबवले.

“मास्तर, उद्याधरनं साळा बंद?”

“हो. दीड महिना.”

“मग प्वारं कुनाची?”

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, “कुणाची म्हणजे? आईबापांची.”

“आईबाप रानात. घरात म्हातारी, तिला दिसत न्हाय. साळा हाय तवर तुमची. उद्यापास्नं कुनाची?”

 तुमच्याकडे तरी याचं उत्तर आहे का? आपण सगळ्यांनी गावाकडचे उन्हाळे पाहिलेत. पोरं सकाळी सुटतात ती दिवेलागणीला उगवतात. मधे डोंगरात करवंदांच्या जाळीत हात घालतात, भर उन्हात काजूच्या झाडावर चढतात, ओली काजूबी दातांनी फोडतात आणि ओठ भाजून घेतात. कुणाला ऊन लागतं, कुणाला विंचू चावतो. आणि दोन-तीन वर्षांतून एखादं पोर विहिरीला जातं. मग गाव चार दिवस गप्प असतं आणि पाचव्या दिवशी पोरं पुन्हा सुटतात.

आक्कांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत पोरं त्यांच्या विहिरीवर यायची, पोहायला शिकायची. मग त्यांच्या शेतातल्या फणसाखाली प्रत्येकाला वाटीभर आंबील. आणि उन्हं डोक्यावर असतील तेवढा वेळ त्याच सावलीत मी अक्षरं शिकवायची.

“तुमी दुपारी शिकवा, सकाळी मी शिकवीन,” त्या म्हणाल्या. “पोरीबी घ्यायच्या. आदी पोरी.”

मी हो म्हटलं. मग उगाच प्रामाणिकपणा सुचला. म्हटलं, “आक्का, मला पोहता येत नाही बरं का.”

त्यांनी मला पागोट्यापासून वहाणांपर्यंत पाहिलं. “मग तुमीबी या सकाळी. साळंत तुमी मास्तर. हिरीत मी.”

सगळा वर्ग हसला, आणि त्या हसण्यात माझं हो की नाही विचारायचं राहूनच गेलं.

आक्कांचं माहेर निपाणीकडचं, वेदगंगेच्या काठचं. वडील नाव चालवायचे. तिथं पोरगी चालायला लागायच्या आधी पोहायला लागते, असं त्या सांगत. मी त्यातलं निम्मंच खरं धरत असे. नावेत बसणारी निम्मी माणसं कानडी बोलणारी, त्यामुळे आक्कांना कानडी मराठीइतकंच येई, आणि त्याचा त्यांनी भलताच उपयोग केला होता. पाण्यात उतरताना आणि वर येताना त्या पोरांची डोकी मोजत, ती कानडीत. ओंदू, यरडू, मूरू. मी विचारलं, कानडीत का?

“मराठीत मोजलं की प्वारं मदीच आपला आकडा घालत्यात. माजी मोजनी चुकती. कानडीत मोजलं की गप उभी ऱ्हात्यात. आपल्याला काय म्हनत्यात ते कळंना झालंय म्हनून.”

नियम थोडे होते, पण त्यात सूट नव्हती. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर उडी टाकायची नाही. पायाला फोड, जखम असेल त्यानं काठावर बसायचं. आणि पिण्याच्या विहिरीत कुणी पाय बुडवायचा नाही. तिथलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच प्यायचं. त्यांच्या सासऱ्यांच्या पोटरीतून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघाला होता. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढताना त्यांनी पाहिला होता. पोरांनी फडकं विसरलं की त्या ती गोष्ट सांगत, आणि इतकी बारकाईनं सांगत की दुसऱ्या दिवशी पोरं दोन-दोन फडकी आणत.

माझी शिकवणी हा गावाचा करमणुकीचा विषय झाला. माझ्या पाठीवर चार भोपळे. पोरांना दोन पुरत. काठावर गुराखी येऊन बसत. आक्का दोर धरून म्हणत, “मास्तर, पाय लाकडावानी का धरलाईसा? बेडूक बगितला न्हाय का कदी?” मी मनात म्हणे, पाहिलाय, पण त्याला व्हर्नाक्युलर फायनलला बसावं लागत नाही. आठव्या दिवशी मी भोपळ्यांशिवाय चार हात मारले. पोरांनी असा कालवा केला की रानातली बैलं बुजली.

पाढ्यांची युक्ती कुणाची, यावर आमचा वाद होता. मी म्हणे माझी, त्या म्हणत त्यांची. खरं म्हणजे ती भीतीचीच होती. एक पोरगी पाण्यात घाबरून ताठ होत असे. मी पायरीवरून म्हटलं, “बे एके बे म्हण.” ती म्हणू लागली. आक्का ओरडल्या, “बे ला हात! एके ला हात!” आणि ती बे दाहे वीस होईपर्यंत विहिरीच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. त्या दिवसापासून विहिरीत पाढे सुरू झाले. ज्यांना वर्गात बाराचा पाढा वर्षभर येत नव्हता त्यांना तो पंधरा दिवसांत आला, कारण बारावर थांबलं तर बुडायचं होतं.

सगळंच गोड चाललं होतं असं नाही. गावातल्या एका तात्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. तात्या म्हणजे सुंद्राचे आजोबा. सुंद्रा माझ्या दुसरीतली, नऊ वर्षांची, आईबाप नसलेली आणि तात्यांच्या जिवापलीकडची. चौथ्याच दिवशी तात्या काठी आपटत विहिरीवर आले आणि तिला हाताला धरून वर काढलं.

“पोरी पवून काय लंकेला जायाच्या हैत का, आक्का?”

आक्का पायरीवरून वर आल्या. पदर पिळला. मग इतक्या हळू बोलल्या की आम्हाला सगळ्यांना पुढं सरकावं लागलं.

“लंकेला न्हाय, तात्या. पान्याला जायाच्या. पोरगा हिरीवर कवा जातोय? मनाला आलं की. पोरगी दिसातनं चारदा जाती. सासरी गेली की धा येळा जाती. ती काठावर वाकती, दोर वडती, तिचा पाय घसरतोय. आन् पवायला कोन शिकतंय? पोरगा!”

तात्या सुंद्राला घेऊन गेले.

त्या दुपारी फणसाखाली मी आक्कांना विचारलं, तुम्हाला हे एवढं का लागतं. त्या नाचणी पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माजी ननंद. माज्याच वयाची. मी लगीन हून आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावहिरीत पडली. अख्ख्या गावात पवनारी बाई मी एकटी. आन् मी रानात शेन टाकाय गेलते.”

सूप वाजत राहिलं. 

सुंद्रा दुसऱ्या दिवसापासून शेळी घेऊन विहिरीच्या वरच्या बांधावर येऊ लागली. शेळी चरे आणि ही खाली बघत बसे. आक्कांनी तात्यांचा शब्द मोडला नाही. सुंद्राला त्यांनी पाण्याला बोट लावू दिलं नाही. पण तिसऱ्या दिवशी बघतो तर बांधावर भाताच्या पेंढ्याची जाड गादी पसरलेली, तिच्यावर सुंद्रा पालथी, आणि आक्का शेजारी बसून तिचे पाय धरून बेडकासारखे हलवतायत.

“आक्का, हे काय?”

“तात्यांनी पान्यात घालू नगं म्हनलंय. हितं पानी कुटाय?”

अशी ती कोरड्यात पोहायला शिकली. हात, पाय, श्वास, मान वर. एवढंच नाही, एकदा आक्कांनी मोकळी घागर आणली आणि ती पालथी धरून पोटाशी कशी घ्यायची तेही दाखवलं. “पालथ्या घागरीत वारं ऱ्हातंय. ती बुडत न्हाय, आन् तुला बुडू देत न्हाय.” शेळी हे सगळं पेंढ्याच्या एका टोकाला खात खात पाहत असे. पोरं सुंद्राला ‘पेंढ्यातली मासोळी’ म्हणू लागली. ती चिडत नसे. हात हलवत राही.

वैशाख संपत आला तेव्हा आक्का भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. विहिरीवर उतरायचं नाही, नुसतं फणसाखाली बसायचं, असं पोरांना आणि मलाही बजावून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन गावविहिरीवरून येत होतो. पाणी खूप खाली गेलं होतं, दोन पुरुष खोल तरी. सुंद्रा वाकून घागर सोडत होती. मी “सावकाश गं” म्हणेपर्यंत काठाचा जांभा दगड निखळला आणि ती दोर-घागरीसकट खाली गेली.

बायका किंचाळल्या. पुरुष रानात गेलेले. काठावर पाण्यात उतरू शकणारा माणूस एकच होता आणि तो मी होतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तो वेळ किती होता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग मी चष्मा एका बाईच्या हातात दिला आणि उडी टाकली.

विहीर आक्कांच्या विहिरीसारखी नव्हती. पायऱ्या नाहीत, दोर नाही, खाली गार अंधार. मी वर आलो तो धोतर पायांत गुंडाळलेलं. हात मारले, पाय हलेनात. पाणी प्यायलो. दुसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा वाटलं, संपलं. आणि कुणीतरी माझी शेंडी धरली.

“मास्तर, घागर धरा! पालथी हाय! सोडू नगासा!”

सुंद्रा होती. घागर पालथी पोटाशी धरून, पाय बेडकासारखे मारत, मान वर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ थरथरत होते, पण पाय थांबले नव्हते. मी घागरीचा काठ धरला. आम्ही दोघं त्या तांब्याच्या घागरीला धरून गोल गोल फिरत राहिलो. “बाराचा म्हनू, मास्तर?” ती म्हणाली. आम्ही बाराचा म्हटला. नंतर तेराचा. तेरा साते एक्क्याण्णवला वरून दोर पडला आणि बायकांनी आधी तिला, मग मला ओढून काढलं. कुणी कुणाला वाचवलं, हे गावात लगेच सगळ्यांना कळलं.

तात्या आले तेव्हा सुंद्रा गोधडीत बसून गूळ खात होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवला; मोडकं काही नाही ना, हे बैल घेताना बघतात तसं पाहिलं. मग तिथंच खाली बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं.

आक्का चौथ्या दिवशी परतल्या. वेशीतच पोरांनी गाठून सगळं सांगितलं होतं. त्या तडक माझ्या सोप्यात आल्या.

“तुमी उडी टाकली?”

“हो.”

“भ्यालतासा?”

“फार.”

 त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी पदर लावला. पदराआडूनच म्हणाल्या, “आन् धोतर?”

“धोतर काय?”

“धोतर सोडून उडी टाकायची, मास्तर! कुनी शिकिवलं तुमास्नी धोतरासकट?”

“आक्का, काठावर सगळ्या बायका होत्या.”

त्या हसायला लागल्या त्या उंबऱ्यावर बसल्याच. हसता हसता रडल्या, आणि रडता रडता पुन्हा हसल्या. शेजारची म्हातारी काय झालं म्हणून बघायला आली, तर तीही कारण न कळता हसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आम्ही उतरायच्या तयारीत होतो. बांधावरून तात्या आले. एका हाताला सुंद्रा, दुसऱ्या हातात दोन मोठे सुके भोपळे. त्यांनी ते आक्कांच्या पुढ्यात ठेवले.

“गच बांद,” ते म्हणाले.

“तिला भोपळं लागत न्हाईत आता, तात्या.”

“तिला न्हाय.” तात्यांनी मागं बघितलं. बांधाआड गल्लीतल्या आणखी पाच पोरी उभ्या होत्या. “ह्यांच्या बापास्नी मी सांगून आलोय.”

आक्कांनी त्या दिवशी मोजलं तेव्हा दोनदा मोजावं लागलं. कानडी आकडे संपले नव्हते, पण आवाज अडखळत होता.

पावसाळ्यात शाळा तपासायला डिपुटीसाहेब आले. कडक माणूस. त्यांनी पोरींना उभं केलं आणि बाराचा पाढा विचारला. पोरींनी खडाखडा म्हटला, पण प्रत्येक आकड्याला दोन्ही हात पुढं फेकून मागं ओढत. सात पोरी, चौदा हात. मी भिंतीला टेकलो.

“हात का हलवता गं?” साहेबांनी विचारलं.

सुंद्रा म्हणाली, “थांबलं की बुडतंय, सायेब.”

साहेब माझ्याकडं वळले. मी सगळं सांगून टाकलं. लपवायला अवसरच नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “त्या बाईंना मला भेटवा.” आक्का भाताच्या चिखलातून तशाच आल्या. साहेबांनी त्यांना नमस्कार केला. आक्का म्हणाल्या, “सायेब, तुमाला पवाय येतंय का?” साहेबांना येत नव्हतं. शेऱ्याच्या वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं. ‘गणित उत्तम’ एवढंच होतं.

पुढं सात उन्हाळे मी बेळगुंदीत काढले आणि एकाही सुट्टीत शहापूरला फिरकलो नाही. आई म्हणे, गावात काय पुरून ठेवलंयस? शेजारच्या उचगावच्या पोरी मामाकडं येऊन शिकून जात. एकदा बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या शिपायाची मडम टांग्यातून विहीर बघायला आली. आक्कांनी तिलाही विचारलं, येतंय का पवायला. मडमेला येत होतं. आक्कांनी तिला भोपळा न बांधता उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत तिचंच कौतुक सांगितलं. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोला गृहप्रवेशाच्या तिसऱ्या दिवशी आक्का विहिरीवर घेऊन गेल्या. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. हे ती अजून सांगते.

मग माझी बदली चिकोडी तालुक्यात झाली. पत्र लिहिणं आक्कांना येत नव्हतं. फणसाखाली त्या अक्षरं शिकायला बसत, पण ‘आ’ च्या पुढं त्यांचं लक्ष लागत नसे. कुणाच्या हाती निरोप येत: अमकी पवायला लागली, तमकी भित्री हाय, लागंल. देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या हिवाळ्यात निरोप आला तो आक्का गेल्याचा. दोन दिवसांचा ताप.

मला जायला पंधरा दिवस लागले. आक्कांचे यजमान, त्यांना सगळे आप्पा म्हणत, सोप्यात घोंगड्यावर बसले होते. मी शेजारी बसलो.  मग आप्पांनी राख सावडल्या दिवसाचं सांगितलं.

राख मार्कंडेय नदीत सोडायची होती. आक्कांनी सांगून ठेवलं होतं, काठाला नगं, डोहात सोडा, वाहती हुंद्या. डोह खोल. आक्कांकडं शिकलेले पोरगे कुणी पलटणीत, कुणी मुंबईच्या गिरणीत; गावात उरलेले पोहणारे दोघं-तिघं त्या दिवशी बेळगावच्या बाजाराला गेलेले. बाकीचे पुरुष काठावर उभे राहून एकमेकांकडं बघू लागले. कुणी म्हणालं, काठालाच सोडू, काय होतंय. बायका मागं थांबल्या होत्या. अशा वेळी बायकांनी यायचं नसतं, तरी आल्या होत्या.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, मास्तर. पोरी उतरल्या.”

सुंद्रा पुढं होती, उचगावच्या सासरहून आलेली, दोन लेकरांची आई. राखेचं लोटकं तिच्या एका हातात, पाण्याच्या वर. मागं आठ-दहा जणी, लुगड्यांचे काचे मारून.  भटजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. डोहाच्या मधोमध जाऊन त्यांनी गोल केला आणि राख सोडली. आप्पा म्हणाले, ती जराशी तिथंच फिरली आणि मग धारेला लागली, निपाणीची वाट धरल्यासारखी. मार्कंडेय निपाणीकडं जात नाही. पण मी मान डोलावली.

“परत आल्या,” आप्पा म्हणाले. “आन् काठावर ऊन पडलंतं, तितं केस पिळत बसल्या. समद्या वळीनं. एकीनं कायतरी म्हटलं, बाकीच्या हसल्या. कुनालाबी घरला जायाची घाई न्हवती.”